विश्लेषण : पैसे संपले, प्रवेश सुटला नाही! बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाचा हिशेब काय सांगतो?

परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की घरोघरी एकच आकडेमोड सुरू होते. शुल्क किती, राहण्याचा खर्च किती, शिष्यवृत्ती मिळेल का, कर्ज किती काढावे आणि रुपया घसरला तर काय? शंभर वर्षांपूर्वी हीच आकडेमोड डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही केली होती. अमेरिका आणि इंग्लंड अशा दोन देशांतले त्यांचे शिक्षण १९१३ ते १९२३ या दहा वर्षांत पार पडले. त्यातली सुमारे तीन वर्षे पैशांअभावी भारतातच काढावी लागली. त्यांच्या पदव्यांची यादी सर्वांना पाठ असते. त्या पदव्यांमागचा जमाखर्च मात्र फारसा सांगितला जात नाही.

परदेशी जाण्याची संधी कशी मिळाली?

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब मुंबईत आले आणि परळच्या चाळीत राहू लागले. मॅट्रिकनंतर कॉलेजचा खर्च वडिलांना झेपणारा नव्हता. त्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची मदत सुरू झाली. त्या बळावर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. मात्र २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडिलांचे निधन झाले. घरची जबाबदारी अंगावर आली ती नेमकी याच वेळी.

सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवणार होते. भीमराव त्यांना मुंबईत भेटले आणि त्यांची निवड झाली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही संधी अचानक चालून आलेली नव्हती. दरमहा २५ रुपये घेऊन शिकलेला विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होऊन पुन्हा त्याच दात्यासमोर उभा राहिला होता. पहिल्या लहान मदतीचा चोख हिशेब दिला, म्हणून दुसऱ्या मोठ्या मदतीचा दरवाजा उघडला.

शिष्यवृत्ती किती होती आणि अट काय होती?

शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती आणि मुदत तीन वर्षांची, म्हणजे जून १९१३ ते जून १९१६. त्या काळी रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स होता, म्हणजे एका पौंडाला १५ रुपये. या हिशेबाने दरमहा सुमारे १७२ रुपये आणि तीन वर्षांचे मिळून ४१४ पौंड किंवा ६,२१० रुपये होतात. अमेरिकी चलनात ही रक्कम महिन्याला सुमारे ५६ डॉलर भरत होती.

पण ही मदत बिनशर्त नव्हती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करीन, असा करार भीमरावांनी ४ जून १९१३ रोजी केला. आजच्या भाषेत हा सेवेचा ‘बाँड’ होता. तीन वर्षांच्या शिक्षणाच्या बदल्यात दहा वर्षे बांधून घेणे हा सौदा महाग वाटेल. परंतु हातात भांडवल नाही, तारण ठेवायला मालमत्ता नाही आणि जात म्हणून समाजात पत नाही, अशा तरुणापुढे दुसरा पर्यायही नव्हता.

न्यूयॉर्कमध्ये पैसा कसा पुरवला?

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सुरुवातीला विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये, मग कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते राहिले. तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी मैत्री जुळली. ही मैत्री पुढे त्यांच्या शिक्षणाच्या अर्थकारणात निर्णायक ठरणार होती.

शिष्यवृत्तीतून खोली, जेवण आणि पुस्तके भागवायची होती, शिवाय काही पैसे घरीही पाठवायचे होते. त्यामुळे जेवणात आणि करमणुकीत काटकसर झाली. काटकसर झाली नाही ती पुस्तकांत. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवल्याची नोंद चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. जुनी पुस्तके घेण्यामागे आवड होतीच, पण परवडण्याचाही प्रश्न होता.

खरी बचत मात्र वेळेची होती. शिष्यवृत्तीच्या तीन वर्षांत त्यांनी ६० अभ्यासक्रम घेतले. त्यात अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक होता. जून १९१५ मध्ये एम. ए. पदवी मिळाली. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा प्रबंध वाचला आणि त्याच सुमारास पीएच. डी.साठीचा प्रबंधही तयार झाला. एका पदवीची मुदत धरून मिळालेल्या पैशांत त्यांनी दुसऱ्या पदवीचे बहुतेक काम उरकले होते.

शिष्यवृत्ती संपल्यावर लंडनला का गेले?

भारतात परतलो तर पुन्हा निघणे कठीण, याची त्यांना जाणीव असावी. न्यूयॉर्कहून परतीच्या वाटेवर लंडन होते. जून १९१६ मध्ये ते तिकडे निघाले. सोबत कोलंबियातील प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांची ओळखपत्रे होती. शिफारसपत्र ही आज अर्जासोबत जोडायची औपचारिकता वाटते. ज्याच्यामागे घराणे नाही आणि ओळखीपाळखी नाहीत, त्याच्यासाठी प्राध्यापकाचा शब्द हीच पत असते.

१९१६ च्या अखेरीस त्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये. एका शहरात राहण्याचा खर्च एकच, पण त्यात दोन पात्रता मिळवायच्या, असा हा हिशेब होता. शिवाय अर्थशास्त्राच्या पदवीने मान मिळाला असता, तरी स्वतंत्रपणे पोट भरण्याची सोय वकिलीच्या सनदेतच होती.

परंतु बडोद्याची मदत पुढे चालू राहिली नाही. करारानुसार परतण्याचा निरोप आला आणि १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धवट टाकून त्यांना निघावे लागले.

अर्धवट शिक्षणाचे पुढे काय झाले?

या टप्प्यावर त्यांनी केलेली एक गोष्ट पुढच्या सगळ्या यशाचा पाया ठरली. त्यांनी प्रवेश सोडून दिला नाही. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाकडून त्यांनी रीतसर परवानगी मिळवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करता येईल, अशी ती परवानगी होती. खिशात पैसे नव्हते, तरी विद्यापीठाच्या दफ्तरात नाव कायम राहिले.

परतीचा प्रवासही सरळ झाला नाही. पहिले महायुद्ध सुरू होते. स्वतंत्र जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले आणि त्यात पुस्तकेही गेली. सामानाचा विमा उतरवलेला असल्यामुळे ६०० रुपये भरपाई मिळाली आणि त्याच पैशांतून बडोद्याला जाण्याची सोय झाली. ती भरपाई मिळाली नसती, तर नोकरीवर रुजू होण्यासाठीही उसनवारी करावी लागली असती.

बडोद्यात मोठा हुद्दा मिळाला, पण राहायला जागा मिळाली नाही. जात कळताच पारशी धर्मशाळेतून बाहेर पडावे लागले. कचेरीतही शिपाई लांबून कागद टाकत. काही दिवसांतच ते मुंबईला परतले. दहा वर्षांची नोकरी करण्याचा करार त्यांनी मनापासून केला होता. तो पाळता येईल अशी परिस्थिती मात्र समाजाने ठेवली नाही. शिक्षणावर केलेला खर्च पगारातून वसूल होईल, हे गणित सर्वांना सारखेच लागू पडत नाही, हे तेव्हाही खरे होते.

दुसऱ्या फेरीसाठी पैसे कसे उभे केले?

मुंबईत त्यांनी शिकवण्या घेतल्या. शेअरबाजारात गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला. जात कळल्यावर ग्राहक येईनासे झाले आणि तो बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून दरमहा ४५० रुपयांची नोकरी लागली. परदेशातून आलेल्या उच्चशिक्षित प्राध्यापकाला साजेशी राहणी त्यांना या पगारात सहज जमली असती. पण कुटुंब परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. रमाबाईंच्या हाती घरखर्चाची ठरावीक रक्कम पडे आणि तेवढ्यात त्या संसार भागवत. उरलेली शिल्लक लंडनसाठी बाजूला पडत होती. या बचतीत रमाबाईंचा वाटा बाबासाहेबांइतकाच होता, हे हिशेब मांडताना विसरता येणार नाही.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. सुमारे १७ महिन्यांचा एकूण पगार साडेसात हजार रुपयांच्या आसपास जातो. त्यातून घर चालवून दोन-तीन वर्षांच्या लंडनच्या खर्चाइतकी शिल्लक पडणे शक्य नव्हते. म्हणून निधीचे तीन भाग झाले. स्वतःची बचत, कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी दिलेले १,५०० रुपये आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज. हे कर्ज त्यांच्या अकरा महिन्यांच्या पगाराइतके होते. मोठे होते, पण परतफेड करता येणार नाही इतके नव्हते. सप्टेंबर १९२० मध्ये ते लंडनला पोहोचले, तेव्हा विद्यापीठाने दिलेल्या चार वर्षांपैकी सुमारे एकच वर्ष उरले होते.

रुपयाने दगा कसा दिला?

परदेशी शिक्षणाचा कोणताही हिशेब विनिमयदरावर उभा असतो. १९२० मध्ये सरकारने रुपयाचा दर सोन्याच्या हिशेबात २ शिलिंग ठरवला होता, म्हणजे एका सोन्याच्या पौंडाला १० रुपये. या दराने ५,००० रुपयांचे ५०० पौंड होतात. पण हा दर टिकला नाही. १९२१ मध्ये बाजारात रुपया जुन्या १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली गेला. त्या जुन्या दरानेही ५,००० रुपयांचे जेमतेम ३३३ पौंड येतात. विद्यार्थ्याने एक पैही जास्त खर्च न करता त्याच्या पैशांचा तिसरा हिस्सा नाहीसा व्हावा, असा हा फरक होता.

सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंडांचे कर्ज मागितले. बॅरिस्टरीची फी आणि परतीचा प्रवास यांसाठी हे पैसे हवे होते आणि ते व्याजासह फेडण्याची तयारी त्यांनी दाखवली होती. याच काळात ते भारतीय रुपयाच्या प्रश्नावर डी. एस्सी.चा प्रबंध लिहीत होते. चलनाच्या चढउतारात पगारदार, मजूर आणि व्यापारी यांच्यापैकी कोणाचा तोटा होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता आणि त्याच चढउताराची झळ त्या दिवसांत रुपयांवर शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला बसत होती. पुढे भारतीय चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली.

लंडनमधली काटकसर किती होती?

लंडनमध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड या पत्त्यावर राहत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतले असून तेथे आता स्मारक आहे. भाडेकरू म्हणून मिळणारा नाश्ता तुटपुंजा असे. पावाचा तुकडा, थोडासा मासा आणि चहा. दुपारच्या जेवणाला बहुधा फाटाच असे. सकाळी ग्रंथालय उघडण्याच्या वेळी ते दारात हजर असत आणि बंद होईपर्यंत वाचत बसत. ब्रिटिश म्युझियम आणि इंडिया ऑफिसची ग्रंथालये हीच त्यांची अभ्यासिका होती. रात्री भूक लागली की भाजलेले पापड कामाला येत.

ही उपासमार आदर्श म्हणून सांगण्याचे कारण नाही. पोटाला चिमटा काढून अभ्यास करणे ही योजना नसते. योजना अपुरी पडल्यावर शेवटी उरते ते हे. पण या काळातही त्यांनी परीक्षांचा क्रम चुकवला नाही. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली, २८ जून १९२२ रोजी बॅरिस्टरी पूर्ण झाली आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये डी. एस्सी.चा प्रबंध सादर झाला. दरम्यान जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले होते. पण मार्च १९२३ मध्ये लंडनच्या परीक्षकांनी प्रबंधात बदल सुचवले. तिथे राहून नव्याने लिहिण्याइतके पैसे नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, येथे बसून निष्कर्षांची फेरमांडणी केली आणि प्रबंध पुन्हा पाठवला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो मान्य झाला. वकिलीची सनद काढण्यासाठीही भथेना यांचीच मदत घ्यावी लागली.

कोलंबियाच्या पीएच. डी.ची गोष्ट आणखी लांबली. प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर करण्याची विद्यापीठाची अट होती. ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. प्रवेशानंतर चौदा वर्षांनी! छपाईसारखा शेवटचा खर्चही पदवीच्या मार्गात किती काळ उभा राहू शकतो, याचे हे उदाहरण.

पुढच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी काय केले?

मित्राचे कर्ज आणि राजाची कृपा यांवर सगळ्यांचे शिक्षण चालू शकत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी ३ लाख रुपयांची तरतूद मिळवली. परदेशी शिक्षणासाठीही विद्यार्थी पाठवले गेले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दात्याच्या मर्जीवरची मदत विद्यार्थ्याचा हक्क व्हावी, असा हा प्रवास होता. आज अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे आणि महाराष्ट्राच्या योजनेला तर राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे.

आजच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे?

काळ बदलला, आकडे बदलले, पण हिशेबाच्या जागा त्याच आहेत. पहिली गोष्ट, पूर्ण खर्च एकाच ठिकाणाहून येईल असे धरू नये. शिष्यवृत्ती, बचत आणि कर्ज यांची मोट बांधावी आणि कर्ज अपेक्षित पगाराच्या किती महिन्यांइतके होते, ते आधी मोजावे. दुसरी, शिष्यवृत्तीची जाहिरात वाचताना रकमेआधी मुदत आणि अटी वाचाव्यात. तिसरी, अंदाजपत्रक आजच्या विनिमयदरावर न मांडता रुपया घसरेल असे गृहीत धरून मांडावे आणि प्रबंध, परीक्षा, सनद, परतीचे तिकीट असे शेवटचे खर्च सुरुवातीलाच वेगळे काढावेत. चौथी, स्वस्त देश निवडतानाही हाती रोकड लागते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच बँकेत गोठवून दाखवावा लागतो. अर्धवेळ कामाच्या तासांवर अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मर्यादा आहेत, त्यामुळे त्या कमाईवर शुल्काचा हिशेब उभा करू नये.

आणि पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पैसे कमी पडले तर अभ्यासक्रम मुकाट्याने सोडून येऊ नये. प्रवेश पुढे ढकलता येतो का, रजा मिळते का, किती वर्षांत परत येता येते, हे प्राध्यापकांना आणि विद्यापीठाला विचारून लेखी घ्यावे. १९१७ मध्ये लंडन सोडताना बाबासाहेबांच्या हाती पदवी नव्हती आणि पैसेही नव्हते. परत येण्याची परवानगी मात्र होती. तिच्याच आधारे ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले.